उस्ताद कोण आहे तुझा?

सकाळचे आठ वाजले होते. बारा तासांची रात्रपाळी करून बायको नुकतीच आली होती. हॉस्पिटलचे कपडेही न बदलता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला ट्रक शिकवू पाहणाऱ्या चार कंपन्यांची करारपत्रं वाचत होती. इंडियानापोलिसला आठ म्हणजे कराडला दिवेलागण. फोन स्पीकरवर टाकून मी आबांना आकडे सांगत होतो. ही कंपनी मैलाला इतके सेंट देते, ती तीन सेंट जास्त देते, तिसरी रुजू होताना बोनस देते, चौथीच्या गाड्या नव्याकोऱ्या आहेत. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्ये समदं ऱ्हाऊ दे. उस्ताद कोन हाय तुजा?”

मला उत्तर देता आलं नाही. चारही करारांत फीचा आकडा होता, वर्षाची मुदत होती, दंड होता. मला शिकवणार कोण, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आबा चौदाव्या वर्षी गाडीवर क्लीनर म्हणून लागले. टाटा-मर्सिडीज गाडी, कराडहून गुळाच्या ढेपा भरून मुंबईला जायची. खंबाटकी, कात्रज, बोरघाट, असे तीन घाट चढायचे आणि तेवढेच उतरायचे. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा, रेडिएटरला पाणी घालायचं, काच पुसायची, उस्तादांचा डोळा लागतोय असं वाटलं की बोलत राहायचं. स्टिअरिंग हातात मिळालं ते चौथ्या वर्षी. रिकामी गाडी परतत होती, पहाटेची वेळ होती आणि शिरवळचा सपाट रस्ता होता. पगार जवळजवळ नव्हताच. मार भरपूर मिळायचा, झोप गाडीच्या टपावर. त्या दिवसांचे गोडवे गायची माझी इच्छा नाही, आबांचीही नसते. पण सात वर्षं एकच माणूस शेजारी बसून त्यांच्या हाताकडे बघत होता, हे खरं आहे. पुढे चाळीस वर्षं त्यांनी गाडी चालवली आणि घाटात एकदाही त्यांची गाडी सुटली नाही. त्याचं श्रेय ते अजून त्या माणसाला देतात.

मी अमेरिकेत आलो तो बायकोच्या नोकरीमुळे. ती मिरजेला नर्सिंग शिकली, इथल्या हॉस्पिटलांना नर्स हव्या होत्या, तिच्या कागदांबरोबर माझे आणि मुलीचे कागद झाले. प्लेनफिल्डच्या एका गोदामात मी चार वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. इंडियाना राज्याचं ब्रीदच ‘अमेरिकेचा चव्हाटा’ अशा अर्थाचं आहे, आणि इंडियानापोलिसमध्ये 65, 69, 70 आणि 74 हे चार इंटरस्टेट महामार्ग एकमेकांना भेटतात. दिवसभर समोर 53 फुटी ट्रेलर धक्क्याला लागताना बघायचो. कुणी एका झोकात बसवायचा, कुणी दहादा पुढेमागे करायचा, आणि माझे हात आपोआप फिरायला लागायचे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ठरवलं, आता हेच करायचं. मंडळाच्या गणपतीत एकदोघांना सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले आणि मग विषय बदलला. त्यांच्यावर राग नाही. आपल्या लोकांत इथे ट्रक चालवणारे फार थोडे. पंजाबी मंडळींचं तसं नाही. कॅलिफोर्नियात पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा आहे, काका पुतण्याला शेजारी बसवतो, आणि पहिली कंपनी निवडायचा प्रश्नच येत नाही, कारण ती घरातच असते. माझ्यासारख्याला मात्र परक्या दारात जाऊन विचारावं लागतं.

आता इथली रीत सांगतो. मोठा ट्रक आणि ट्रेलर चालवायला ‘सीडीएल’, म्हणजे व्यावसायिक परवाना लागतो, त्यातही ‘क्लास ए’. आधी डॉक्टरांची तपासणी, मग लेखी परीक्षा, मग शिकाऊ परवाना. तो मिळाल्यावर किमान 14 दिवस गेल्याशिवाय चालवण्याची परीक्षा देता येत नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून आणखी एक नियम आला. संघराज्य सरकारच्या यादीत नोंदलेल्या संस्थेतूनच शिक्षण घ्यायचं, मगच परीक्षा. त्याआधी ओळखीच्या ड्रायव्हरकडे शिकून परीक्षा देणारे लोक होते. तो रस्ता आता जवळपास बंद झाला.

राहिले तीन मार्ग. स्वतःच्या खिशातून शाळेची फी भरायची. मला जी सांगितली ती साडेपाच हजार डॉलर होती आणि तेवढी रोकड घरात नव्हती. दुसरा मार्ग सरकारी मदतीचा. 2014 च्या एका कायद्याखाली प्रत्येक राज्यात रोजगार कार्यालयांकडे प्रशिक्षणासाठी पैसा असतो, नोकरी गेलेल्याने किंवा उत्पन्न कमी असलेल्याने तिथे सगळ्यात आधी विचारावं. मला ते कळलं सही करून झाल्यावर. तिसरा मार्ग, कंपनीने शिकवायचं. प्राइम, रोएल, सी. आर. इंग्लंड, स्विफ्ट अशा मोठ्या वाहतूक कंपन्यांनी असे उपक्रम चालवले आहेत. तुम्ही हातातले पैसे न भरता जाता, त्या शिकवतात, परवाना काढून देतात, आणि बदल्यात तुम्ही ठरावीक मुदत त्यांच्याकडे काम करता. मुदत भरली की फी माफ. आधी सोडलं तर फी तुमच्या अंगावर.

‘फुकट शिक्षण’ असं भरती करणारे सांगतात. ते फुकट नसतं. ती उचल असते. ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादम हंगामाआधी जी उचल देतो, ती कराडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. उचल घेणं वाईट नाही. पण ती फिटते कशी, हे आधी माहीत असायला हवं.

हे सगळ्यात चांगलं बायकोला माहीत होतं. ती स्वतः एका भरती एजन्सीशी तीन वर्षांचा करार करून इथे आली होती. मधेच सोडलं तर इतके डॉलर भरा, असं कलम त्यात होतं, आणि त्या तीन वर्षांत तिने काय काय सोसलं ते मी पाहिलं आहे. ती करार मागून पुढे वाचते. पेन्सिल घेऊन तिने माझ्या चारही कागदांवर शेवटच्या पानापासून खुणा केल्या.

पहिल्या कंपनीच्या करारात वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस जरी बाकी असला तरी पूर्ण 6,000 डॉलर भरायचे होते. दुसरीत दर महिन्याला बारावा हिस्सा कमी होत जायचा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अकरा महिने भरल्यावर आई आजारी पडली तर एका ठिकाणी तुम्ही पाचशे डॉलर देऊन घरी जाल, दुसऱ्या ठिकाणी सहा हजार. तिसरीत वर्ष मोजायचं ते परवाना मिळाल्यापासून नाही, तर एकट्याने गाडी चालवायला लागल्यापासून. म्हणजे प्रशिक्षकाबरोबरचे सहा-आठ आठवडे हिशोबातच नाहीत. चौथीत बायकोने एका ओळीखाली दोनदा रेघ मारली. कंपनीने काढून टाकलं तरीही फी देणं लागेल, आणि ती शेवटच्या पगारातून कापली जाईल. “तुम्ही पडलात, हात मोडला, गाडी चालवता येईना, तर?” तिने विचारलं. त्या कागदात याचं उत्तर नव्हतं.

शिवाय सोडून गेलेल्याची गोष्ट तिथेच संपत नाही. ड्रायव्हरच्या आधीच्या नोकऱ्यांचा एक अहवाल इथे कंपन्या मागवतात, त्याला ‘डॅक’ म्हणतात. वाटेत गाडी सोडून गेला, असा शेरा त्यात पडला तर पुढची कंपनी दारातूनच परत पाठवते. नवशिक्याला ती पहिली कंपनी कितीही त्रास देत असली तरी गाडी तिच्या आवारात नेऊन, किल्ल्या हातात देऊन, कागदावर लिहून घेऊनच निघावं.

पगाराबद्दल थोडक्यात. मैलाला 50 सेंट आणि आठवड्याला 2,000 मैल म्हणजे 1,000 डॉलर, हा गुणाकार सगळे करून दाखवतात. मैल कुठले, हे विचारावं. काही कंपन्या प्रत्यक्ष रस्त्याचे मैल मोजत नाहीत, शहर ते शहर अशा जुन्या कोष्टकाने मोजतात आणि ते गाडीच्या मीटरपेक्षा कमी भरतात. धक्क्यावर माल उतरेपर्यंत पाच तास उभं राहिलात तर त्याचे किती? 1938 च्या कामगार कायद्यातच अशा ड्रायव्हरना ओव्हरटाइममधून वगळलेलं आहे, म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नाही. घरी किती दिवसांनी पाठवणार, हेही विचारावं. आठवडाभर बाहेर राहिलं की एक दिवस घरी, असा हिशोब बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार आठवडे मोजले आणि काही न बोलता खोलीत गेली. तो आकडा मला आजही पगारापेक्षा मोठा वाटतो.

पण आबांचा प्रश्न तसाच होता. मी चारही ठिकाणी फोन करून एवढंच विचारलं: माझ्या प्रशिक्षकाने स्वतः किती वर्षं गाडी चालवली आहे, आणि मी चालवत असताना तो कुठे असेल?

दुसरा भाग विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. हातात शिकाऊ परवाना असतो तोवर पूर्ण परवान्याचा माणूस पुढच्या सीटवर शेजारी बसलेलाच हवा, हा कायदा आहे. पण परीक्षा पास होऊन पक्का परवाना हातात पडला की तो कायदा लागू राहत नाही. आणि खरं शिक्षण तर त्यानंतरच सुरू होतं. परीक्षेला मैदानात गाडी सरळ मागे घेतलेली असते, कोनातून धक्क्याला लावलेली असते, हवेच्या ब्रेकची तपासणी तोंडपाठ म्हणून दाखवलेली असते. ब्रेक दाबून धरल्यावर मिनिटात 4 पौंडांपेक्षा जास्त दाब उतरता कामा नये, दाब 60 च्या आसपास उतरला की भोंगा वाजायला हवा, 20 ते 45 च्या दरम्यान पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप बाहेर यायला हवीत. हे सगळं मी झोपेतही म्हणत होतो. पण भरलेली गाडी 80,000 पौंडांपर्यंत, म्हणजे 36 टनांहून जास्त वजनाची असते, आणि ती रात्री दोन वाजता पावसात थांबवायला किती जागा लागते ते मैदानात कळत नाही. पुढचे काही आठवडे तुम्ही प्रशिक्षकाबरोबर गाडीतच राहता, जेवता, झोपता. ड्रायव्हरला एका वेळी 11 तास चालवता येतं आणि मग 10 तास विश्रांती सक्तीची. पण दोन परवाने असले की एक झोपतो, एक चालवतो, आणि गाडी थांबतच नाही. काही प्रशिक्षक विद्यार्थ्याला जोडीदारासारखे वापरतात. विद्यार्थी रात्रभर चालवतो, तो मागच्या बिछान्यात झोपतो, मैल दुप्पट होतात. मी याला शिकवणं म्हणणार नाही.

एका कंपनीत सहा महिने गाडी चालवलेला माणूस प्रशिक्षक होऊ शकत होता. एकीने प्रश्नच समजून घेतला नाही. एक बाई फोनवर म्हणाल्या, आमचे प्रशिक्षक किमान एक वर्षाचे असतात, पहिले काही आठवडे ते पुढेच बसतात, आणि जमलं नाही तर दंडाशिवाय बदलून मिळतो. त्या कंपनीचा दर सगळ्यात कमी होता, पण फी महिन्यागणिक उतरत जाणार होती. बायको म्हणाली, “त्या जे बोलल्या ते ईमेलवर मागून घ्या.” मी मागितलं. आलं. त्यावर सही केली.

स्त्रियांनी या यादीत एक प्रश्न वाढवावा: महिला प्रशिक्षक मिळेल का, आणि तिच्यासाठी किती थांबावं लागेल? आठवडेच्या आठवडे अनोळखी माणसाबरोबर एका केबिनमध्ये झोपायचं आहे. हा प्रश्न विचारताना संकोच करू नये.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला मिळालेला पहिला प्रशिक्षक पंचविशीतला, वागायला चांगला मुलगा होता. पण तो स्वतः फक्त सात महिने चालवत होता. फोनवर सांगितलं एक आणि प्रत्यक्षात निघालं हे. तिसऱ्या रात्री तो मागे झोपला. मला परवाना मिळून नऊ दिवस झाले होते. इलिनॉयमध्ये काम चालू असल्यामुळे रस्ता वळवला होता आणि मी एका लहान गावात शिरलो. दोन्ही बाजूंना बंद दुकानं, पिवळे दिवे, आणि समोर रेल्वेचा पूल. त्यावर पाटी: 12 फूट 8 इंच. ट्रेलरची उंची 13 फूट 6 इंच. मी थांबलो तेव्हा पूल वीसेक पावलांवर होता.

हात थरथरत होते. इथे नवशिक्याला एक गोष्ट शिकवतात: मागे घेताना शंका आली की उतर आणि बघ. मी उतरलो. गाडीभोवती पूर्ण फेरी मारली. मागे एक वीजेचा खांब, एक टपालपेटी, उजवीकडे खोल चर. पोलिसांना फोन केला. आलेल्या अधिकाऱ्याने मागचा रस्ता अडवून धरला आणि मी ती गाडी दोन चौक मागे घेतली. चाळीस मिनिटं लागली, त्यात अकरा वेळा उतरून बघितलं. प्रशिक्षक जागा झाला तो दार आपटल्याच्या आवाजाने. तो चिडला, उशीर झाला म्हणून. मी त्याला काहीच बोललो नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

पहाटे गाडी उभी केल्यावर मी तो ईमेल काढला आणि ऑफिसला पाठवला. प्रशिक्षक बदलून हवा आहे, खाली तुमचंच वाक्य आहे. दोन दिवस एका मोटेलमध्ये बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला.

तो टेनेसीचा, साठी ओलांडलेला, सव्वीस वर्षं रस्त्यावर काढलेला. बोलायचा कमी. पहिल्या दिवशी त्याने मला ट्रॅक्टर, म्हणजे ट्रकचा पुढचा ओढणारा भाग, ट्रेलरला जोडायला सांगितला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. मी मागे घेतला, खटका ऐकू आला, पुढे ओढून बघितला, हलला नाही. मी खाली उतरून हवेच्या नळ्या जोडायला लागलो तशी त्याने हातात बॅटरी दिली आणि ट्रेलरखाली बोट दाखवलं. मी पाठीवर सरकत आत गेलो. ग्रीसने काळ्या झालेल्या त्या लोखंडी जबड्यात ट्रेलरची जाडजूड खुंटी बसलेली दिसत होती, तिच्या मागून जबडा पूर्ण मिटलेला. वर ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यात फट नव्हती. “काय दिसतं?” त्याने बाहेरून विचारलं. मी सांगितलं. “आवाजावर विश्वास ठेवायचा नाही,” तो म्हणाला. “रोज बघायचं.” पाच आठवडे मी रोज बघितलं, आणि मी चालवत असताना तो एकदाही मागच्या बिछान्यात गेला नाही.

चौथ्या आठवड्यात वायोमिंगमधून इंटरस्टेट 80 ने रिकामा ट्रेलर घेऊन पश्चिमेला चाललो होतो. लॅरामी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे. एल्क माउंटनकडून वारा आडवा येतो, आणि रिकामा ट्रेलर म्हणजे 53 फुटांचं शीड. लॅरामीच्या आधी पाटीवर हलक्या, उंच गाड्यांना बंदी लागलेली दिसली. त्याने मला ट्रक स्टॉपवर वळायला सांगितलं आणि डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत गाड्यांना कामं नेमून देणाऱ्याला, फोन लावला. “आम्ही लॅरामीला थांबलोय. वारा उतरला की निघू.” पलीकडून माल उचलायची वेळ सांगितली जात होती, मला ऐकू येत होतं. त्याने तेच वाक्य त्याच आवाजात परत म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच. आवाज चढला नाही, सबब सांगितली नाही. मग फोन ठेवून त्याने कॉफी घेतली.

हवामान धोक्याचं असेल तर गाडी थांबवावी, असं संघराज्य सरकारचा नियमच सांगतो. दमलेल्या, आजारी ड्रायव्हरने चालवू नये असाही आहे. असा नकार देणाऱ्याला कामावरून काढण्यापासून 1982 चा एक कायदा संरक्षण देतो. 2016 पासून ड्रायव्हरवर नियम मोडायची जबरदस्ती करणंही बेकायदा आहे. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण अंगावर 6,000 डॉलरची उचल असलेला नवा माणूस फोनवर ‘नाही’ कसं म्हणतो, ते पुस्तकात नसतं. ते त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्लिंग्टनच्या पुढे दोन ट्रेलर कुशीवर पडलेले दिसले. त्याने वेग कमी करायला सांगितलं, बाकी काही बोलला नाही.

लॅरामीला थांबलो त्या रात्री आबांना व्हिडिओ कॉल केला होता. इथे उजेड गेला होता, कराडला सकाळ झाली होती. मी निघण्यापूर्वीची तपासणी करायचा सराव करत होतो आणि फोन गाडीच्या चाकांकडे धरला. अठरा चाकं त्यांनी स्क्रीनवर मोजली. गाडीला हाताने टाकायचे गिअर नाहीत, हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “टायर वाजवून बघतुस का न्हाई?”

आमच्या उस्तादाने हे शब्द ऐकले, अर्थ विचारला. मी सांगितला. तो केबिनमध्ये गेला आणि एक आखूड लाकडी दांडका घेऊन आला. इथेही ड्रायव्हर टायर दांडक्याने वाजवून बघतात. मी बाहेरचं चाक वाजवलं, आवाज टणक आला. आतल्या चाकावर मारलं, तो आवाज मला थोडा बसका वाटला. फोन जवळ नेऊन परत मारलं.

“कसा वाटतोय, आबा?”

वारा फोनमध्ये घोंघावत होता. आबांनी मोबाइल कानाला लावला असावा, स्क्रीनवर नुसता अंधार दिसत होता.

“फोनवर काय कळत न्हाय,” ते म्हणाले. “हात घालून बघ.”

मी हातमोजा काढला.